पत्त्यांवरून सेन्सस ट्रॅक्ट काढायचाय, जॉइन केलं की सगळं नल येतंय. तातडीची मदत हवी आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या पत्त्यांची यादी आहे, प्रत्येक पत्ता कुठल्या सेन्सस ट्रॅक्टमध्ये (जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या भागात) येतो ते हवंय. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर टाकलं, ट्रॅक्टची शेपफाइल (हद्दींच्या नकाशाची फाइल) उतरवून घेतली, पत्त्यांचे पॉइंट आणले, 'जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन' चालवलं. एरर वगैरे काही नाही. नवे कॉलम येतात आणि वरपासून खालपर्यंत नल, म्हणजे रिकामे. यूट्यूबवरचा माणूस अगदी हेच करतो आणि त्याचं येतं! शुक्रवारी द्यायचंय. 'आधी जीआयएस नीट शिका' असं कृपया कोणी सांगू नका.

नकाशेवाला
राज्य कुठलं? शेपफाइल कुठल्या वर्षाची? पत्त्यांचे अक्षांश-रेखांश कशातून काढले? दोन्ही लेअरचा सीआरएस, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायची पद्धत, काय दिसतो?

पायथॉनप्रेमी
क्यूजीआयएस सोडा. पायथॉनच्या जिओपांडासमध्ये चार ओळींचं काम आहे. कोड हवा तर सांगा.

रानजाई
राज्याने काय फरक पडतो? सगळीकडे ट्रॅक्टच असतात ना. सीआरएस एकाचा ४२६९ आहे, एकाचा ४३२६. हाच घोळ आहे का?

नकाशेवाला
नाही. ४२६९ म्हणजे नॅड ८३. सेन्सस ब्यूरोच्या टायगर फाइली, म्हणजे हद्दींच्या शेपफाइली, त्यातच येतात. ४३२६ पासून त्याचा फरक एखाद-दोन मीटरचा, आणि क्यूजीआयएस तो आपला आपण सांभाळून घेतं. त्यापायी सगळेच्या सगळे नल होत नाहीत. राज्याने फरक पडतो. सांगा.

शमी
इतका खटाटोप कशाला? पत्त्यात झिप कोड असतोच. झिपवरून ट्रॅक्ट देणारा तक्ता मिळतो, एक्सेलमध्ये व्हीलुकअप मारा, संपलं.

खडूस_कोकणी
संपलं नाही शमीताई. झिप ही टपाल वाटायची सोय आहे, एका झिपमध्ये पाच-सात ट्रॅक्ट सहज निघतात. तो तक्ता प्रमाण देतो, म्हणजे या झिपमधली इतकी टक्के घरं या ट्रॅक्टमध्ये. अमुक घर कुठे, ते त्यातून कळत नाही.

शमी
आमच्या ऑफिसात असंच करतात आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

विदागार
पायथॉनपेक्षा आर ही भाषा बरी. टायग्रिस पॅकेज सीमा थेट उतरवून घेतं, शेपफाइल हाताने शोधायलाच नको.

पायथॉनप्रेमी
पायथॉनमध्येही तसं पॅकेज आहे. आरवाल्यांना वाटतं...

खडूस_कोकणी
बाईंनी भाषा विचारलेली नाही.

नकाशेवाला
रानजाई, पॉइंटच्या लेअरवर राइट क्लिक करून 'झूम टू लेअर' करा. खाली कोऑर्डिनेटच्या चौकटीत काय दिसतंय?

रानजाई
पांढऱ्या पडद्यावर ठिपक्यांचा पुंजका. खाली ४१.७६,-७२.६८ असं काहीतरी.

नकाशेवाला
सापडलं. त्या चौकटीत आधी एक्स असतो, म्हणजे रेखांश. तुमचे पत्ते ४१ पूर्व आणि ७२ दक्षिण इथे जाऊन बसलेत. ते अंटार्क्टिका. तिथे ट्रॅक्ट कुठून मिळणार? सीएसव्ही आणताना एक्स फील्डमध्ये लॅटिट्यूड निवडलं गेलंय. लेअर काढून टाका, 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर'मधून पुन्हा आणा. एक्सला लाँगिट्यूड, वायला लॅटिट्यूड. लाँगिट्यूडमागचं उणे चिन्ह जाऊ देऊ नका, नाहीतर आता अंटार्क्टिकात आहात ते मध्य आशियात निघाल.
आणि आकडे सुलटे वाचले तर हे हार्टफर्ड. म्हणजे कनेक्टिकट! हेच मघापासून विचारतोय. शेपफाइल २०२० ची की २०२२ नंतरची?

रानजाई
आले!! ट्रॅक्ट आले! धन्यवाद काका. हो, कनेक्टिकट. फाइल २०२० ची. आता फक्त प्रत्येक ट्रॅक्टचा गरिबीचा टक्का जोडायचा आणि प्रत्येक पेशंटपुढे लिहून फंडरला पाठवायचं.

विदागार
पेशंट???

रानजाई
हो, मोफत दवाखान्यात काम करते. अनुदानाच्या अर्जासाठी हवंय.

विदागार
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. हिपा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा, त्याच्या 'सेफ हार्बर' नियमामध्ये राज्यापेक्षा लहान कुठलाही भौगोलिक तपशील ओळख पटवणारा धरतात. रस्ता, शहर, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), आणि त्यांचे जिओकोड म्हणजे सांकेतिक क्रमांकसुद्धा. नाव काढून ट्रॅक्ट ठेवला म्हणजे यादी निनावी झाली असं नाही. पेशंटनिहाय ओळी पाठवू नका. ट्रॅक्टनिहाय संख्या द्या, आणि जिथे एक-दोनच पेशंट आहेत तिथे आकडाही झाका. आणि अक्षांश-रेखांश काढायला पत्ते कुठे चिकटवले होते?

रानजाई
स्प्रेडशीटचं एक फुकट ॲड-ऑन आहे. नावं नव्हती दिली, फक्त पत्ते.

विदागार
ज्यांच्याशी करार नाही अशा कुणाच्या सर्व्हरवर पेशंटचे पत्ते जाता कामा नयेत. आजच तुमच्या प्रायव्हसी ऑफिसरच्या कानावर घाला. पुढच्या वेळी पत्त्यांचे अक्षांश-रेखांश काढायला डीगॉस बघा. मोफत आहे, डॉकरमध्ये आपल्याच मशीनवर चालतं, पत्ते बाहेर जात नाहीत. आरोग्य संशोधनात त्यासाठीच वापरतात.

खडूस_कोकणी
आणि पेशंटची भानगड नसेल तेव्हा नकाशाही लागत नाही. सेन्सस ब्यूरोचा स्वतःचा जिओकोडर (पत्त्यावरून ठिकाण काढणारं साधन) आहे. एका फाइलीत १०,००० पत्ते चालतात. क्रम असा: आयडी, रस्ता, शहर, राज्य, झिप. वर शीर्षकाची ओळ नको. मात्र 'फाइंड लोकेशन्स' नका निवडू, 'फाइंड जिओग्राफीज' निवडा. राज्य, काउंटी, ट्रॅक्ट, ब्लॉक थेट हातात येतात.

नकाशेवाला
येतात, पण नकाशावर एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुठलाच जिओकोडर मानत नाही. तो घर पाहत नाही, अंदाज बांधतो. रस्त्याच्या एका तुकड्यावर सम बाजूला १०० ते १९८ नंबर असतील तर १५० नंबर साधारण मधोमध ठेवतो. ट्रॅक्टची हद्द पुष्कळदा रस्त्याच्या मध्यरेषेवरूनच जाते, म्हणजे सम घरं एका ट्रॅक्टमध्ये आणि समोरची विषम दुसऱ्यात. ठिपका चार मीटर सरकला की घर शेजारच्या ट्रॅक्टमध्ये. हद्दीला चिकटलेले ठिपके हाताने तपासा.

खडूस_कोकणी
शुक्रवारपर्यंत?

नकाशेवाला
हद्दीवरचेच म्हणतोय हो.

रानजाई
ट्रॅक्टनिहाय संख्येचं फंडरला विचारलं, त्यांना चालतंय. पण आता नवीनच. गरिबीचा तक्ता २०२२ चा पाच वर्षांचा एसीएस (सेन्सस ब्यूरोची पाहणी) आहे. जीईओआयडीवर, म्हणजे ट्रॅक्टच्या क्रमांकावर, जोडला तर पुन्हा सगळं नल! एक्स-वाय तर आता बरोबर आहेत.

नकाशेवाला
म्हणून वर्ष विचारत होतो. कनेक्टिकटने काउंट्यांऐवजी प्लॅनिंग रीजन धरायला लावले आणि सेन्सस ब्यूरोने २०२२ पासून ते स्वीकारले. आठ काउंट्या गेल्या, नऊ रीजन आले. जीईओआयडी ११ अंकी असतो: २ राज्याचे, ३ काउंटीचे, ६ ट्रॅक्टचे. तुमच्या २०२० च्या फाइलीत हार्टफर्ड काउंटी म्हणून ०९००३ ने सुरू होतो, तक्त्यात कॅपिटॉल रीजन म्हणून ०९११० ने. ट्रॅक्ट तोच, मधले तीन अंक बदलले. २०२२ ची शेपफाइल घ्या आणि जॉइन पुन्हा चालवा.
दुसरं, तक्ता एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केला असेल तर पुढचं शून्य उडालं असणार. ०९ चं ९ होतं आणि ११ अंकांचे १० उरतात. तो कॉलम टेक्स्ट म्हणून आणा.

पायथॉनप्रेमी
यासाठीच मी म्हणत होतो. पायथॉनमध्ये झेडफिल (पुढे शून्यं भरणारी आज्ञा) मारलं की शून्य परत.

विदागार
आणि ०९००३ चं ०९११० करायला काय मारता?

रानजाई
शून्य खरंच उडालं होतं. दोन्ही केलं, जुळलं. थोडे उरलेत, ते जिओकोडच झालेले नाहीत. बघितलं तर बहुतेक पीओ बॉक्स.

खडूस_कोकणी
ते सोडून द्या. पीओ बॉक्सवरून पोस्टाचा पत्ता कळेल, माणूस कुठे राहतो ते नाही. अर्जात 'ट्रॅक्ट अज्ञात' अशी वेगळी ओळ करून संख्या द्या. शमीताईंच्या झिपच्या तक्त्याने ती भोकं बुजवू नका.

शमी
मी काही बोललेच नाही.

मावशीबोध
धागा छान चाललाय. आमचे एक नातेवाईक शिकायला अमेरिकेत आले होते, १९५० च्या सेन्ससमध्ये त्यांचं नाव शोधायचंय. घराचा जुना पत्ता आहे. क्यूजीआयएसमध्ये सापडेल का?

नकाशेवाला
मावशी, त्याला ट्रॅक्ट नाही, एन्युमरेशन डिस्ट्रिक्ट (एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग) लागतो. १९५० चे कागद ७२ वर्षांच्या नियमाने १ एप्रिल २०२२ ला खुले झाले. नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, नाही सापडलं तर डिस्ट्रिक्टचे नकाशे तिथेच आहेत. शहर कुठलं?

खडूस_कोकणी
वेगळा धागा काढा दोघं.