ट्रॉलीला मागचा कॅमेरा बसवायचाय, कोणता घेऊ? लवकर सांगा

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. ट्रॉलीला मागचं दिसायला कॅमेरा घ्यायचा आहे. ऑनलाइन शंभर प्रकार दिसतात, प्रत्येकाखाली अर्धे लोक 'एक नंबर' लिहितात आणि अर्धे 'पैसे पाण्यात'. मला फक्त नाव सांगा, कोणता घेऊ. कटाई तोंडावर आली आहे.

तापीकाठचा
दादा, ट्रॉली ट्रॅक्टरची की पिकअपमागची? दोन चाकी की चार चाकी? ट्रॅक्टरला कॅबिन आहे? ट्रॉलीला लाइटची वायरिंग आहे का? एवढं कळल्याशिवाय नाव काय सांगणार?

केळीबाग_रावेर
ट्रॅक्टरचीच ओ, रावेरात आणखी कशाची असणार. चार चाकी. कॅबिन नाही, वर ताडपत्रीचं छत आहे. आता सांगा.

वायरमन_धुळे
वायरचाच घ्या, डोळे झाकून. सात इंची स्क्रीन, कॅमेऱ्याला धूळ-पाणी आत न जाण्याचं आयपी ६७ किंवा ६९के रेटिंग, आणि जोडणीला चार पिनची स्क्रूवाली केबल. गाड्यांच्या टेपला येते ती साधी पिवळी पिन घेऊ नका, शेतरस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होते. केबल १५ मीटरची घ्या, १० मीटर ताणून बसते. कॅमेरा आणि स्क्रीन एकाच जातीचे हवेत. एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा जुन्या साध्या स्क्रीनला लावला की चित्रच येत नाही, मग लोक म्हणतात माल खराब निघाला.

सातपुडा_शिवार
वायर कोण ओढत बसणार? वायरलेस घ्या. माझ्याकडे मागे चुंबकाने चिकटणारा आहे, आत बॅटरी, रात्री चार्जिंगला लावायचा. ट्रॉली बदलली की कॅमेरा काढून दुसरीला.

वायरमन_धुळे
भाऊ, चुंबकवाला चोरीला जायला किती वेळ लागतो? आणि बॅटरी नसलेला वायरलेस घेतला तर मागे करंट न्यायला वायर लागतेच. 'वायरलेस' फक्त चित्राला. मध्ये ट्रॉलीचा लोखंडी पत्रा, वर केळीच्या घडांचा ढीग, स्वस्तातल्याचं चित्र मधूनच अडकतं. मागे माणूस उभा असताना चित्र एक सेकंद मागचं असेल तर कॅमेरा नसलेला बरा.

सातपुडा_शिवार
तुम्ही स्वस्तातलाच वापरला असेल. चांगल्याला एवढा उशीर लागत नाही. दुकान वायरचं आहे म्हणून सगळ्यांना वायर?

वायरमन_धुळे
माझं दुकान नाही. वायरिंग करतो.

खान्देशी_नाना
कशाले इतला पैसा घालस भो? मांगे एक पोऱ्या उभा कर, 'येऊ दे, येऊ दे' म्हनाले. आमना बाप तसाच रिव्हर्स लेत व्हता.

तापीकाठचा
नाना, त्या पोऱ्याच्याच जिवाची भीती असते म्हणून तर कॅमेरा. घड भरले की मागचं काही दिसत नाही.
रावेरकर, ट्रॉली हायड्रॉलिक आहे का? हे अजून सांगितलं नाही.

केळीबाग_रावेर
आहे. शेणखत टाकायला लागते. त्याचा कॅमेऱ्याशी काय संबंध?

तापीकाठचा
संबंध हाच की बॉडी उचलली की बॉडीवरून नेलेली केबल ओढली जाते, तुटते. फाळक्यावर (मागच्या उघडणाऱ्या पत्र्यावर) बसवला तर खत ओतताना कॅमेरा खताखाली. केबल चासीवरून न्या आणि कॅमेरा मागच्या चासीलाच, लाइटच्या पट्टीजवळ, जाड पत्र्याच्या टोपीखाली बसवा. उंचावरून दिसतं तेवढं खालून दिसत नाही, पण टिकतो. केळीचा चीक काचेवर सुकला की धूसर दिसतं, ओला असतानाच पुसायची सवय लावा.

अमळनेरकर
कॅमेरा राहू द्या, आधी मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. रात्री कापसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, मागून मोटारसायकलवाला सरळ घुसतो.

केळीबाग_रावेर
अमळनेरकर, पट्टी आहे. विषय कॅमेऱ्याचा आहे. आणि माझ्याकडे ट्रॉल्या तीन आहेत, एक माझी, दोन भाऊबंदांच्या. ज्याची मोकळी असेल ती लावतो.

वायरमन_धुळे
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! मग प्रत्येक ट्रॉलीला कायमची केबल टाका, ट्रॅक्टरमागे सात पिनचं सॉकेट लाइटला आणि शेजारी कॅमेऱ्याचं वेगळं जोड. चित्राची तार लाइटच्या सॉकेटातून नेऊ नका, इंडिकेटर लावला की पडद्यावर पट्टे नाचतात. हुकपाशी गुंडाळीची लवचिक केबल, वळताना ताणणार नाही. कॅमेरे तीन, स्क्रीन एक.
करंट किल्लीच्या स्विचनंतर, तिथेच छोटा फ्यूज घालून घ्या. सेल्फच्या (स्टार्टरच्या) टर्मिनलवरून घेऊ नका. ट्रॅक्टरला बहुधा रिव्हर्स लाइट नसतो, त्यामुळे रिव्हर्सची तार शोधत बसू नका, बटण लावा.

सातपुडा_शिवार
तीन कॅमेरे, तीन केबली, सॉकेट. माझा एकच चुंबकवाला, तिन्हींना चालला असता. हिशोब तुम्हीच करा.

तापीकाठचा
आता खरं सांगू का, चित्र उलट-सुलट तपासा. मागचा कॅमेरा आरशासारखं चित्र देतो, पुढचा सरळ. चुकीचा घेतला तर डावीकडचा बांध उजवीकडे दिसतो. काहींना मागे वायरचा छोटा लूप असतो, तो कापला की बदलतो. आणि त्या हिरव्या-पिवळ्या पार्किंग रेषा कारसाठी असतात, ट्रॉलीला कामाच्या नाहीत. चार चाकीचा पुढचा धुरा फिरतो, तो सांभाळत रिव्हर्स घ्यायचं कसब तुमच्याच हातात. कॅमेरा फक्त मागे काय आहे ते दाखवतो.

खान्देशी_नाना
हाई कसब आमना पोऱ्याले बी येस. तो वायरविना चालस.

केळीबाग_रावेर
बरं. वायरचा घेतो, दोन ट्रॉल्यांना आधी, तिसरी नंतर. उन्हात स्क्रीन दिसते का? छत ताडपत्रीचं आहे म्हणालो.

वायरमन_धुळे
दुपारी नाही दिसत. भोवती काळी टोपी असलेली घ्या, नाहीतर पुठ्ठा चिकटवा. मे महिन्यात ट्रॅक्टर उन्हात उभा असेल तर स्क्रीन काढून घरी न्या, भुसावळकडच्या ४५ अंशात चिकटपट्टी सुटते. स्क्रूची पट्टीच बसवा.

केळीबाग_रावेर
सात पिनचं सॉकेट रावेरात मिळेल की भुसावळलाच जाऊ?

जामनेरचा_पोरगा
सॉकेटचं माहीत नाही. पण नाना, तुमचा पोऱ्या किती घेतो रोजंदारीला?