सुमो हे नाव नक्की कुठून आलं?

सातारी_गाडीवेडा:
नमस्कार मंडळी. आमच्या भागात वडापला (म्हणजे शेअर गाड्यांत) अजून एखादी जुनी टाटा सुमो दिसते आणि लहानपणापासून मला वाटायचं की नाव जपानी पैलवानांवरून ठेवलंय, गाडी पण तशीच दांडगी ना. पण काल एका ग्रूपवर मेसेज आला की टाटांच्या एका मोठ्या साहेबांच्या नावावरून आहे. खरं आहे का? अजून कुठल्या गाडीच्या नावामागची गोष्ट माहीत असेल तर तीही सांगा.

पिंपरीकर:
शंभर टक्के खरं. सुमंत मूळगावकर. सुमंतमधला 'सु' आणि मूळगावकर इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला येतो तो 'मो'. टेल्को, म्हणजे आत्ताची टाटा मोटर्स, आज जी काही आहे ती बरीचशी या माणसामुळे. 1954 मध्ये डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात झाली, जाळीवर बेंझचा तारा असलेले ते जुने ट्रक आठवत असतील कुणाला तर, ते त्यांच्याच काळातले. पुण्याचा कारखाना पण त्यांनीच उभा केला, नुसत्या शेड नाही बांधल्या तर उजाड माळावर झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. ते 1989 ला गेले आणि सुमो आली 1994 ला, म्हणजे आपल्या नावाची गाडी त्यांना बघायला मिळाली नाही याचं मला फार वाईट वाटतं. मराठी माणसाचं नाव गावोगाव फिरलं आणि आपल्याच लोकांना पत्ता नाही, म्हणून हा धागा काढलात ते बरं केलंत.

कुर्ल्याची_पोर:
मग पद्मिनीला विसरून कसं चालेल!! मुळात फियाट 1100, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणी पद्मिनीचं नाव दिलं. तरी मुंबईत सगळे फियाटच म्हणायचे. गिअर स्टेअरिंगच्या दांडीवर, टॅक्सीचं मीटर बाहेर डाव्या बाजूला, ड्रायव्हर खिडकीतून हात काढून नाहीतर उतरून तो खटकन पाडायचा, तो आवाज अजून कानात आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली तेव्हा खरंच रडू आलं.

चाकण_लाइन2:
फोक्सवॅगनवाल्यांना वाऱ्यांचं वेड. पसाट म्हणजे जर्मनमध्ये व्यापारी वारे, भूगोलात होते बघा, आणि आमच्या इथे चाकणला बनायची ती व्हेंटो म्हणजे इटालियनमध्ये सरळ वाराच. आणि आपला मारुती तरी कोण, वायुपुत्रच की. मला तर सगळ्यात हेच नाव आवडतं, कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

सातारी_गाडीवेडा:
वा, धन्यवाद पिंपरीकर साहेब. टियागोचं आधी वेगळंच नाव होतं ना?

पिंपरीकर:
हो, झिका. झिपी कार वरून केलेलं, झिपी म्हणजे चपळ. पण 2016 च्या सुरुवातीला नेमकी झिका व्हायरसची साथ जगभर गाजायला लागली, मग लाँचच्या तोंडावर नाव बदललं, लोकांकडून नावं मागवली आणि त्यातनं टियागो ठरलं. माझ्या मते योग्यच केलं, आजाराच्या नावाची गाडी कोण दारात उभी करेल.

कुर्ल्याची_पोर:
आणि महिंद्राचं 'ओ' प्रकरण राहिलंच की. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, क्वांटो, मराझो... सगळी 'ओ' वर संपणारी. बोलेरो हा स्पॅनिश नाच आहे. थार मात्र सरळ राजस्थानच्या वाळवंटावरून, तिथे 'ओ' लावला नाही ते चांगलं केलं.