मदत हवी आहे : वाचनालयात महिला दिन करायचाय, पण हळदीकुंकू नको

दाखल_नोंद (१४ जानेवारी)

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सरकारी अनुदानाच्या श्रेणीत 'ब' वर्ग, त्यामुळे माणसं मोजकी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या कार्यकारिणीतले दोघं इथे वाचायला येतात असा मला दाट संशय आहे.

दरवर्षी ८ मार्चला आमच्याकडे ठरलेला कार्यक्रम. सावित्रीबाईंच्या फोटोला हार, रांगोळी स्पर्धा, उखाणे, हळदीकुंकू आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण. गेल्या वर्षी पाहुण्यांनी चाळीस मिनिटं बायकांनी संसारात कसं जुळवून घ्यावं ते सांगितलं. त्या दिवशी पुस्तकाला कुणाचा हात लागत नाही. लागणार कसा, सगळ्या खुर्च्या कपाटांना टेकवून मांडलेल्या असतात.

आमच्या एक सभासद काकू आहेत. दर मंगळवारी दोन पुस्तकं नेतात, पुढच्या मंगळवारी परत. पान दुमडलेलं नाही, तेलाचा डाग नाही. माझ्याहून जास्त वाचन आहे त्यांचं. पण महिला दिनाला त्या आजवर एकदाही आलेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "अगं, कुंकवाची कोयरी माझ्यापाशी आली की पोरी गडबडतात. त्यांना कशाला अवघडवू?" काकांना जाऊन बारा वर्षं झाली. मला हे आधी सुचलंच नव्हतं, याची अजून लाज वाटते.

तर यंदा स्त्रियांनी लिहिलेलं, स्त्रियांचा इतिहास सांगणारं काहीतरी वाचायचं, असं डोक्यात आहे. पुढचं काही ठरत नाहीये. काय वाचू? किती वेळ? बायका येतील कधी? सभागृह म्हणजे आमची अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून बसलेली असतात. पुस्तकातली पानं झेरॉक्स करून वाटली तर चालतं का? आणि पैसे जवळजवळ नाहीत. अनुदानाचा हप्ता आला की आधी पगार निघतात.

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली दहा तुमच्यासारखे हारतुरे करण्यात गेली.

पहिलं काम वेळ बदलणे. सकाळी अकराला बाई घरातून निघू शकत नाही, संध्याकाळी सहाला तर नाहीच. दुपारी अडीच ते चार. मुलं शाळेत, गॅस बंद, घरातले झोपलेले. अभ्यासिकेतल्या मुलांना आठ दिवस आधी सांगून ठेवा, दीड तासाने कुणाची परीक्षा बुडत नाही.

दुसरं, भाषण नकोच. प्रकट वाचन ठेवा, आणि वाचणाऱ्या बायका सभासदांमधल्याच हव्यात. एकीला पाच-सात मिनिटं, चार जणी पुरे. मजकूर मोठ्या अक्षरात टाइप करून घ्या, आठ दिवस आधी हातात द्या, घरी दोनदा मोठ्यांदा वाचायला सांगा. आम्ही पहिल्या वर्षी आयत्या वेळी पुस्तक हातात दिलं होतं. एका बाई तिसऱ्या ओळीला अडखळल्या, त्या परत वाचनालयात आल्या नाहीत.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने करा. त्यात हसता येतं, आणि पहिल्या पाच मिनिटांत बायका हसल्या की अर्धं काम झालं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) त्याला जोडून घ्या. पती न्यायमूर्ती रानडे शिकवायला बसत आणि घरातल्या बायका त्यावरून रमाबाईंना टोचून बोलत, तो भाग प्रत्येकीला आपल्या घरातला वाटतो.

पण तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर स्त्रियांचा इतिहास म्हणजे दोन-चार सुशिक्षित वाडे असं होऊन बसेल. आमच्या फलटणच्या बेबीताई कांबळे. किराणा दुकानात बसून, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत वाचनाची गोडी लागलेली बाई. लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं, पण त्याआधी १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापून येत होतं. तुमच्याकडे 'स्त्री'चे जुने बांधीव अंक असतील तर बघा. माळ्यावर असतील, माळ्यावरच असतात.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा! बुलढान्यात बसून इच्यारता काय वाचावं म्हून? ताराबाई शिंदे कोन्या गावच्या होत्या मंग?

सिंदखेडराजाले १२ जानेवारीले पाय ठेवाले जागा नसते, जिजाऊंच्या दर्शनाले लोटते दुनिया. अन् त्याच जिल्ह्यातल्या ताराबाईचं नाव घेतलं त लोकं म्हन्तात, कोन?

दाखल_नोंद

@वऱ्हाडी_ठेचा, खरं सांगू? लाजले. ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' आमच्याकडे आहे, दाखल नोंदवहीत सापडलं. देवघेवीचा कागद कोरा. म्हणजे आल्यापासून एकदाही बाहेर गेलेलं नाही.

शाईचा_डाग

मग यंदा ते बाहेर काढाच. थोडी पार्श्वभूमी देते, निवेदनात उपयोगी पडेल. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा खटला झाला. फाशी सुनावली, मग ती कमी करून काळ्या पाण्याची केली. वर्तमानपत्रांना निमित्तच मिळालं, बायका कशा बिघडत चालल्यात यावर मजकूर येऊ लागला. ताराबाईंनी उत्तरादाखल पुस्तक लिहिलं. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा एकेक दोष घेऊन केलेला हिशेब आहे तो. १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. त्यांचे वडील बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचे. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकाच्या अंकात त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

एक सावधगिरी. भाषा जुनी, वाक्यं लांब, आणि शिव्या नाहीत पण धार अशी की पहिल्या रांगेतले संचालक उठून जातील. त्यामुळे उतारा नीट निवडा. विधवांच्या केशवपनाबद्दल, पुनर्विवाहाबद्दल त्या पुरुषांना जे प्रश्न विचारतात तो भाग घ्या. तुमच्या काकूंना काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मुक्ता साळवे विसरू नका. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ द्यायला आलेल्या साहेबाला तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या म्हटलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगा, पण वाचनालयात नाही सांगायची तर कुठे?

सडेतोड_७२

पुरुषांच्या इतिहासाचा कार्यक्रम कधी ठेवणार म्हणे?

निवृत्त_ग्रंथपाल

@सडेतोड_७२, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तोच चालतो हो. तरी या, मागे खुर्ची ठेवू.

एडिसनची_वैनी

मी न्यू जर्सीत राहते. इथे १९८७ पासून मार्च हा अख्खा महिनाच स्त्रियांच्या इतिहासाचा. आमच्या गावच्या लायब्ररीत दाराशी एक टेबल मांडतात, त्यावर फक्त पुस्तकं, आणि प्रत्येकात एक चिठ्ठी खोचलेली. हे पुस्तक मला का आवडलं, ते एखाद्या वाचकाने दोन ओळींत लिहिलेलं असतं. खर्च शून्य. तुम्हाला सहज जमेल, आणि ज्या बायका कार्यक्रमाला बसत नाहीत त्या टेबलापाशी नक्की थांबतात.

दुसरं, आनंदीबाई जोशींचा एक फोटो आहे, १८८५ चा. नऊवारीत आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. मूळ फोटो आता तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मोठा प्रिंट काढून लावा. आनंदीबाईंना पदवी ११ मार्च १८८६ ला मिळाली, म्हणजे तुमच्या कार्यक्रमापासून तीनच दिवसांवर. तेवढे तीन दिवस प्रदर्शन लांबवा की!

कलम_बावन्न

झेरॉक्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, वकिली करतो. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. लक्ष्मीबाई १९३६ ला गेल्या, ताराबाई त्याही आधी. दोघींचं मूळ लेखन मोकळं आहे. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या, त्या उचलू नका. बहिणाबाई चौधरींची कविता त्यांच्या पश्चात १९५२ साली छापली, तिथे साठ वर्षं छापल्यापासून मोजायची, तीही संपली. बेबीताईंचं पुस्तक अजून हक्कात आहे. पण छापील पुस्तकातला बेताचा उतारा चारचौघांत वाचून दाखवायला कायद्याने आडकाठी नाही. तेव्हा वाचा खुशाल. अख्खी प्रकरणं झेरॉक्स करून वाटू नका.

दाखल_नोंद (२ फेब्रुवारी)

सगळ्यांचे आभार. वेळ अडीचची ठरवली. अध्यक्ष म्हणाले, "हळदीकुंकू नाही तर बायका येणार नाहीत." मी म्हटलं, नाही आल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्या पद्धतीने करू. चहाचे पैसे मात्र मंजूर झाले.

आणि एक गंमत सांगायची आहे. माळा उपसताना १९७० च्या दशकातल्या देवघेवीच्या वह्या हाती लागल्या. सभासदांत बायकांची नावं बोटावर मोजण्याइतकी. पण एका गृहस्थांच्या खात्यावर पाच वर्षं काय काय गेलंय? 'स्त्री'चा दर महिन्याचा अंक. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' तीन वेळा. तेच पुस्तक, जे १९३३ मध्ये बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना टोपणनावाने छापावं लागलं होतं. त्या गृहस्थांचे चिरंजीव गावातच असतात. त्यांना विचारलं तर हसायलाच लागले. "बाबा? बाबा पेपर सोडून काही वाचत नव्हते. आई वाचायची. मी आणायला जायचो, दप्तरातून."

म्हणजे लिहिणारीने नाव बदललेलं, वाचणारीचं नाव वहीत नाही, आणि पुस्तक मात्र तीनदा जाऊन आलेलं. त्या वह्यांची पानं प्रदर्शनात लावू का?

शाईचा_डाग

अंगावर काटा आला. पण पानं जशीच्या तशी लावू नका हो. कुणी काय वाचलं ही वाचनालयाने राखायची गोष्ट, माणूस गेलं तरी. नाव झाकून फक्त पुस्तकांची यादी लावा. आणि त्या घरच्यांची संमती असेल तर त्या आजींचं नाव वर लिहा, पहिल्यांदाच.

निवृत्त_ग्रंथपाल

सहमत. आणि ताई, कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवा. 'तुमच्या घरात पहिल्यांदा वाचायला शिकलेली बाई कोण?' एवढा एकच प्रश्न. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तुमच्या लेखनिकाने लिहून घ्यावं. यातून जमेल ते फाइलला लावून दाखल क्रमांक द्या. बाहेरून विकत आणता येणार नाही असा हा संग्रह आहे.

दाखल_नोंद (९ मार्च)

झालं एकदाचं. तेवीस बायका आल्या. दरवर्षी साठ येतात, त्यामुळे अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण एक सांगते, तेवीसपैकी अकरा जणी वाचनालयात पहिल्यांदा येत होत्या. त्यातल्या सहा जणी विधवा.

'स्मृतिचित्रे'ला हसल्या. 'स्त्री'चे बांधीव अंक खरंच माळ्यावर होते! बेबीताईंचा उतारा आम्ही त्या जुन्या अंकातूनच, जाहिरातींसकट, वाचला. वाचला अंगणवाडीच्या मदतनीसबाईंनी, आणि त्या संपवून बसल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. ताराबाईंच्या वेळी गोंधळ झाला. वाचणारी नवखी, मोठं वाक्य मधेच तुटलं, अर्थ उलटाच लागायला लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "थांब, श्वास चुकतोय तुझा, दे इकडे." काकू. उठून पुढे आल्या, चष्मा पुसला आणि दीड पान वाचलं. पाठ असल्यासारखं. नंतर कळलं, महिनाभरापूर्वी टेबलावर ठेवलेली ती प्रत त्यांनीच नेली होती. देवघेवीच्या कागदावर पहिला शिक्का त्यांचा. मीच मारला असणार, आणि लक्षात नाही.

प्रश्नाचे कागद सतरा भरून आले. एकीने लिहिलंय, 'मीच.'

आता पुढची अडचण. कार्यकारिणीला खर्चाचा हिशेब द्यायचाय. चहा कार्यक्रम खर्चात गेला. फोटोचा प्रिंट आणि मोठ्या अक्षरातला मजकूर मिळून २४० रुपये झाले, ते मी खिशातून भरलेत. हे लेखनसामग्रीत दाखवू की कार्यक्रमात? लेखापरीक्षक फार खडूस आहेत.

निवृत्त_ग्रंथपाल

कार्यक्रमात दाखवा, आणि प्रिंटवर दाखल क्रमांक घालून टाका. मग त्याला 'प्रदर्शन साहित्य' म्हणता येतं. पावती जपून ठेवा.