किलीमच्या फटी शिवू नका

किलीम म्हणजे लव (वर उभे राहणारे मऊ धागे) नसलेला, सपाट विणीचा गालिचा. रंग बदलतो तिथे उभ्या फटी आहेत, किलीम फाटका निघाला का, असं एकाने विचारलंय. नाही हो! शेजारच्या रंगांचे बाणे (आडवे धागे) एकमेकांत न अडकवता मागे वळवले की फट राहतेच. शिवलीत तर वीण आखडेल.

फिका बेज रंग मूळचा का, ते बघायला धागे बोटांनी फाकवा. आत गडद दिसला तर रंग उन्हाने किंवा ब्लीचने उडालाय. ब्लीच केलेली लोकर ठिसूळ असते.

लव नसल्याने किलीम फरशीवर सरकतो. खाली नॉन-स्लिप पॅड चारही बाजूंनी २-३ सेंमी आत कापून घाला, सोफ्याचे पुढचे पाय किलीमवर, कडेपासून १५-२० सेंमी आत ठेवा. व्हॅक्यूम झालरीवर नको: ती ताण्याचीच (उभ्या धाग्यांचीच) टोकं, तुटली की कड उसवते.