हिओस बेटावर मस्तकीच्या हंगामाचं छायाचित्रण: कधी जावं, काय न्यावं?

पर्वती_पायथा (पुणे)

ग्रीसच्या हिओस बेटावर पाच आठवडे राहून काम करायचं ठरतंय. विषय आहे बेटाच्या दक्षिणेकडची मस्तकी पिकवणारी गावं, म्हणजे पिर्गी, मेस्ता, ओलिंबी, आणि भोवतालची जमीन. रविवार पेठेत वनौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून जो डिंक मिळतो, तो तिथल्या झाडांचा. काम जमलं तर बालगंधर्व कलादालनात तीसेक चित्रं लावायची आहेत, सगळ्यांत मोठी प्रिंट 20 बाय 30 इंच.

सामान: 24 मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा, 24-70 आणि 70-200 लेन्स, ट्रायपॉड, 249 ग्रॅमचा ड्रोन. जून-जुलैमध्ये जायचा विचार आहे. काळ बरोबर आहे का? परवानग्या कुठे लागतात? आणि सामानात काय कमी आहे?

चुनखडी

जून चुकीचा. पाचच आठवडे असतील तर 10 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर धरा. कारण कामाचा क्रम पाहिलात की लक्षात येईल.

हंगामाआधी झाडाखालची जमीन झाडून, खरवडून सपाट करतात आणि तिच्यावर खडूसारखी पांढरी माती, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पसरतात. जुलैच्या मध्यापासून टोकदार अवजाराने खोडाला आणि फांद्यांना लहान लहान चिरा देतात. या कामाला ग्रीकमध्ये 'केंदिमा' म्हणतात, आणि भरतकामालाही हाच शब्द आहे. चिरेतून रस पाझरतो, थेंब खाली पांढऱ्या मातीवर पडतात आणि घट्ट व्हायला साधारण 15 ते 20 दिवस घेतात. म्हणून वेचणी ऑगस्टच्या मध्यानंतर सुरू होते. जूनमध्ये गेलात तर झाडू मारणारी माणसं मिळतील, डिंक मिळणार नाही. ऑगस्टच्या मध्याला पोचलात तर उशिराच्या चिरा आणि पहिली वेचणी दोन्ही हाती लागतील. शिवाय 15 ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो, तेव्हा पिर्गीच्या चौकात नाच रंगतो. सप्टेंबरमध्ये छज्ज्यांखाली लहान टोमॅटोच्या माळा वाळत घातलेल्या दिसतात. ते दृश्य सुंदर आहे, पण पोस्टकार्डांवर इतक्यांदा येऊन गेलंय की तुमच्या तिसात एकच पुरे.

खरा राहून जाणारा भाग म्हणजे निवडणी. चाळणं, थंड पाण्याने आणि साबणाने धुणं, मग बारीक सुरीने एकेका खड्याला चिकटलेली माती काढणं. हे काम हिवाळ्यात घराघरांत चालतं आणि बहुतेक बायका गटाने बसून करतात. 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत या बेटाचं मस्तकी पिकवण्याचं ज्ञान आलं, त्यात ही एकत्र बसण्याची रीतही मोडते. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागा. शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, पण व्हिसाची स्वतःची मुदत जानेवारीपर्यंत पोचते ना, ते अर्ज करतानाच पाहा. चार आठवडे ऑगस्ट-सप्टेंबर आणि एक आठवडा जानेवारी, अशी वाटणी पाच सलग आठवड्यांपेक्षा कितीतरी चांगली. निवडणीविना ही मालिका अर्धी राहील.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. झाडाखालच्या पांढऱ्या वर्तुळात पाय टाकायचा नाही, ट्रायपॉडचाही नाही. बुटाची माती त्या थेंबांना चिकटली की ती हिवाळ्यात कुणाला तरी हाताने काढावी लागते. चित्र काठावर बसूनच घ्या.

भिंग_आणि_प्रकाश

सामानात मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, कमी आहे. 90 किंवा 105 मिमी घ्या आणि वजन नको असेल तर 70-200 पुण्यातच ठेवा. झाड दोन-तीन मीटरचंच असतं, लांबून टिपण्यासारखं तिथे फार नाही. थेंब मागून किंवा बाजूने येणाऱ्या सकाळच्या उन्हात चमकतो. एफ 8 ते एफ 11, शटर 1/200 च्या खाली नको, कारण वाऱ्याने फांदी सतत हलते. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा. त्याने थेंबावरची चकाकी मरते आणि चकाकी गेली की तो थेंब न वाटता खोडावरचा डाग वाटतो.

पांढरी जमीन कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला (मीटरला) फसवते. सगळीकडे सारखी सावली असेल तर एक्स्पोजर +0.7 ते +1 वाढवून द्या, नाहीतर माती करडी येते. पण पानांतून उन्हाचे कवडसे पडत असतील तर उलट करा: कवडशांपुरतं एक्स्पोजर धरा आणि सावल्या नंतर उचला. तिथे जळालेला पांढरा परत येत नाही.

पिर्गीच्या भिंतींबद्दल थोडं. चुना आणि गडद वाळूचा गिलावा, त्यावर पांढरा हात आणि मग काट्याने खरवडून काढलेले त्रिकोण, चौकटी, वर्तुळं. या कामाला 'क्सिस्ता' म्हणतात. नक्षी वाचायची असेल तर सपाट सावली उत्तम, खरवडीची खोली दाखवायची असेल तर भिंतीला घासत जाणारं ऊन. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर असं ऊन भर दुपारी मिळतं, म्हणजे बाकी सगळं काम थांबलेलं असतं तेव्हा. गल्ल्या अरुंद आहेत. 24 मिमी वर करून तिरपी चित्रं घेण्यापेक्षा कॅमेरा समपातळीत ठेवून 35 मिमीवर उभ्या तीन-चार फ्रेम घ्या आणि जोडा. 24 मेगापिक्सेलची एकच फ्रेम 30 इंचाला 200 पिक्सेल प्रति इंच देते, ती पुरते. नक्षीला मात्र जोडलेली फ्रेमच शोभेल.

पुण्यात सूर्य बराच सरळ खाली उतरतो, म्हणून चांगला उजेड झटकन संपतो. हिओस 38 अंश अक्षांशावर आहे, तिथे तो तिरका उतरतो आणि संध्याकाळ रेंगाळते. सप्टेंबरच्या मध्याला सूर्योदय सातच्या सुमारास, मावळती साडेसातच्या आत.

मेस्ता हे किल्ल्यासारखं बांधलेलं गाव आहे. घरांच्या बाहेरच्या भिंती हीच तटबंदी, आत कमानींखालचे बोळ. काळोखा बोळ आणि टोकाला लख्ख ऊन, हा फरक कॅमेऱ्याला झेपत नाही. याचा सराव कसबा पेठेत, तांबट आळीत करून जा: अंधारी जागा, दारातून येणारा उजेड, हाताने चाललेलं काम. तिथे महिनाभर दर रविवारी दोन तास घालवलेत तर हिओसला पहिला आठवडा वाया जाणार नाही.

मोजून_मापून

परवानगी आणि प्रवासाचं सांगतो.

ड्रोन 250 ग्रॅमच्या आत असला तरी कॅमेरा आहे, म्हणून युरोपीय नियमांनुसार चालवणाऱ्याची नोंदणी लागते. युरोपातलं पहिलं उड्डाण ग्रीसमध्ये असेल तर ग्रीक नागरी विमान प्राधिकरणाकडे करायची. नोंदणी क्रमांक ड्रोनवर चिकटवा, उंची 120 मीटरपर्यंत. पण खरी अडचण वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. तो बोफर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर 6 ला पोचला की वेग सेकंदाला 10.8 मीटरच्या वर जातो, आणि या वजनाचे ड्रोन साधारण तिथपर्यंतच टिकतात. वाऱ्याबरोबर पुढे जातात, परत येताना बॅटरी संपते. उडवायचंच तर पहाटे, आणि आधी वारा येतो त्या दिशेला तोंड करून. पूर्व किनाऱ्यासमोर काही किलोमीटरवर तुर्कस्तान आहे, त्यामुळे बेटावर लष्करी ठाणी आहेत. कॅमेऱ्यावर काट मारलेला फलक दिसला की साधा फोनही काढू नका.

नेआ मोनी मठ आणि इतर पुरातत्त्व स्थळी ट्रायपॉड, फ्लॅश किंवा व्यावसायिक वापर असेल तर संस्कृती मंत्रालयाच्या स्थानिक पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्या. अर्ज काही महिने आधी. शेतात आणि घरात मालकाची लेखी संमती, फॉर्म ग्रीक भाषेत. लहान मुलं असतील तर पालकांची सही मिळेपर्यंत क्लिक नाही.

मुंबई विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. बॉडी, लेन्स आणि ड्रोनचे सीरियल नंबर टाइप केलेली यादी दोन प्रतींत आणि वस्तू हातातल्या बॅगेत, कारण अधिकारी प्रत्यक्ष पाहतात. हा कागद नसेल तर परतताना तुमच्याच कॅमेऱ्यावर ड्यूटीचा प्रश्न निघू शकतो. लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट मिळते. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, लहान वेगवान बोटी आधी. परतीच्या विमानाआधी अथेन्समध्ये दोन रात्री मोकळ्या ठेवा.

आणि वणवे. 2012 च्या ऑगस्टमध्ये मस्तकीच्या बागा मोठ्या प्रमाणात जळाल्या. वणव्याच्या धोक्याचा नकाशा रोज निघतो, धोका पाचपैकी 4 किंवा 5 असेल त्या दिवशी रानात शिरू नका. फोनवर 112 चा (आपत्कालीन सेवेचा) इशारा आला तर उपकरणं सोडून निघा.

पर्वती_पायथा

तारखा बदलतो, जानेवारीही धरतो. दोन गोष्टी राहिल्या: भाषा, आणि रोजच्या फाइलींचं काय?

चुनखडी

भाषेत आधी हे पाठ करा: ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आपल्या कानाला तो 'नै' वाटतो आणि माणूस परवानगी देत असताना आपण कॅमेरा खाली करतो. नकार 'ओखी'. कित्येकदा तोंडाने काही न बोलता भुवया आणि मान वर उचलून नकार देतात. आपल्याला ती होकाराची मान वाटते आणि तिथे माणूस दुखावतो. विचारताना 'बोरो?', म्हणजे चालेल का, एवढं पुरतं. वयस्क बाईंना 'किरिया' म्हणा. बेटाचं नावही 'हिओस' असंच उच्चारा. इंग्रजी स्पेलिंग पाहून चिओस म्हटलंत तर बोटीच्या तिकीट खिडकीवर घोटाळा होईल. दुपारी तीन ते साडेपाच विश्रांतीची वेळ, तेव्हा कुणाचं दार वाजवायचं नाही.

मोजून_मापून

फाइली: 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल 30 एमबी धरा. दिवसाला 400 फ्रेम म्हणजे 12 जीबी, 35 दिवसांचे 420 जीबी. एक टीबीच्या दोन एसएसडी, दोन वेगळ्या बॅगांत. दोन्हींवर प्रत उतरून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

मथळे त्याच रात्री लिहा: गाव, शेताचं स्थानिक नाव, काम कोणतं, अवजाराचं ग्रीक नाव, वेळ. केंदिमाच्या अवजाराला आणि वेचणीच्या अवजाराला वेगवेगळी नावं आहेत. दोन आठवड्यांनी चित्र पाहून ती आठवत नाहीत.

भिंग_आणि_प्रकाश

एक छोटा पोस्टकार्ड आकाराचा प्रिंटर आणि 108 कागद न्या. ऑगस्टमध्ये ज्यांची चित्रं घेतलीत, त्यांना तिथेच प्रिंट द्या. जानेवारीत निवडणीच्या खोलीत जायचंय तुम्हाला, आणि त्या खोलीचं दार त्याच घरांचं आहे.