दोन्ही पालकांचे डोळे घारे, मुलीचे गडद तपकिरी : हे कसे समजून घ्यावे?

नमस्कार. आनुवंशिकतेचे माझे ज्ञान मेंडेलच्या वाटाण्यांपलीकडे फारसे गेलेले नाही, त्यामुळे जाणकारांनी मदत करावी या विनंतीसह हा धागा काढत आहे. प्रश्न घरातला असला तरी उत्तर शास्त्रीय हवे आहे.

माझ्या थोरल्या भावाचे आणि वहिनींचे, दोघांचेही डोळे घारे आहेत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, आता अडीच वर्षांची आहे. जन्मानंतर काही आठवडे तिची बुबुळे राखाडी-निळसर दिसत होती आणि ती आईबापांवर गेली असे सर्वांनी ठरवूनही टाकले होते. पुढे मात्र रंग गडद होत गेला, आणि आज तो इतका गडद तपकिरी आहे की उजेड कमी असला तर बाहुली कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होते ते कळत नाही. अलीकडे एका नातेवाइकांनी सर्वांसमोर नियम ऐकवला की तपकिरी रंग प्रभावी आणि फिका रंग अप्रभावी असतो, म्हणून फिक्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचे मूल होऊच शकत नाही. बोलण्याचा रोख काय होता हे वेगळे सांगायला नको. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण ते त्यांच्या मनाला लागले आहे.

मी जे वाचले त्यावरून एवढे कळले की हा नियम गर्ट्रूड आणि चार्ल्स डॅव्हनपोर्ट या अमेरिकी दांपत्याच्या १९०७ सालच्या लेखाइतका जुना आहे, आणि २००८ साली १५ व्या गुणसूत्रावरील एचईआरसी-२ आणि ओसीए-२ या शेजारच्या दोन जनुकांविषयी महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. परंतु पुढचे वाचू लागल्यावर माझा गोंधळ वाढला. मुळात एकाच जनुकजोडीमुळे निळा आणि तपकिरी हा फरक पडत असेल, तर हिरवा, पिंगट, राखाडी हे मधले रंग येतात कुठून? आणि जगात हिरवे डोळे सर्वांत दुर्मिळ, जेमतेम २ टक्के, असे जे सर्वत्र लिहिलेले असते त्याचा एखाद्या कुटुंबातील शक्यतेशी काही संबंध असतो का? वहिनींपुढे ठेवता येईल असे उत्तर मिळाले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नातील खरी अडचण 'घारे' या शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपल्या भाषेत गडद तपकिरी नसलेला जवळजवळ प्रत्येक डोळा घारा ठरतो: मधासारखा पिंगट, हिरवट, राखाडी, निळसर, सगळे एकाच शब्दात बसतात. पाठ्यपुस्तकातला नियम मात्र निळ्या डोळ्यांसाठी मांडला गेला होता. तो घाऱ्या डोळ्यांना लावणे ही पहिली चूक, आणि तो नियम निळ्या डोळ्यांनाही काटेकोरपणे लागू पडत नाही, ही दुसरी.

बुबुळात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसतेच. बुबुळाचा मागचा थर जवळपास सर्वांमध्ये काळपट असतो. फरक पडतो तो पुढच्या थरात किती मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य, आहे याने. तिथे ते भरपूर असेल तर प्रकाश शोषला जातो आणि डोळा तपकिरी दिसतो. अगदी कमी असेल तर प्रकाश विखुरतो आणि विखुरलेल्या प्रकाशातील निळा भाग आपल्याला दिसतो. आकाश निळे दिसते त्याच्याशी मिळतीजुळती ही गोष्ट आहे. हिरवा आणि पिंगट हे या दोहोंमधले टप्पे आहेत, म्हणजे थोडे मेलॅनिन आणि त्यावर विखुरलेला प्रकाश.

आता जनुकांकडे येऊ. मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणारे एक प्रथिन ओसीए-२ बनवते, पण ते किती प्रमाणात बनवायचे हे ठरवणारी कळ शेजारच्या एचईआरसी-२ च्या आत आहे. या कळीच्या जागी डीएनएच्या एका अक्षराचा बदल झाला की ओसीए-२ चे काम मंदावते. हा बदल दोन्ही पालकांकडून आला तर डोळे बहुधा निळे होतात. एकाच पालकाकडून आला तर डोळे अनेकदा तपकिरी राहतात, परंतु पिंगट किंवा हिरवटही होऊ शकतात, कारण इतर जनुके त्या छटेत ढवळाढवळ करतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी निगडित जनुकसंचातील ६१ जागा आढळल्या. त्यांतील ५० पूर्वी ठाऊक नव्हत्या.

हे आपल्या कुटुंबाला लावून पाहा. समजा, भाऊ आणि वहिनी दोघेही पिंगट-घारे आहेत आणि प्रत्येकाकडे त्या कळीची एक गडद व एक फिकी प्रत आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही गडद प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे २५ टक्के असते. त्याखेरीज पालकांची छटा ज्या इतर जनुकांमुळे फिकी झाली असेल, ती नेमकी अपत्याकडे न येणेही शक्य आहे. तेव्हा मुलीचे डोळे गडद तपकिरी होण्यात नियमभंग कोणताच नाही. अगदी निळ्या डोळ्यांच्या दोन पालकांनाही क्वचित तपकिरी डोळ्यांचे मूल होते. डोळ्यांच्या रंगावरून पितृत्वाविषयी काहीही ठरवता येत नाही, हे त्या नातेवाइकांना माझ्या वतीने जरूर सांगावे. सौम्य शब्दांत सांगायचे की नाही ते आपण ठरवा.

जन्मानंतरचा बदलही नेहमीचाच आहे. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन जन्मानंतर साठत जाते, आणि रंग स्थिरावायला कधी कधी तीन वर्षेही लागतात.

प्रतिसाद २

दुर्मिळतेविषयी थोडे लिहितो, कारण तिथे वरच्या प्रतिसादाने हात आखडता घेतला आहे.

जगातील ७० ते ८० टक्के लोकांचे डोळे तपकिरी, ८ ते १० टक्के लोकांचे निळे आणि सुमारे २ टक्के लोकांचे हिरवे, हे आकडे ढोबळ अंदाज आहेत. हिरवा कुठे संपतो आणि पिंगट कुठे सुरू होतो हे प्रत्येक पाहणी वेगळे ठरवते, त्यामुळे त्या २ टक्क्यांवर फार भार टाकू नये. शिवाय असा जागतिक आकडा मुख्यतः कोणत्या भागात किती माणसे राहतात हेच सांगतो. बाल्टिक समुद्राभोवतीच्या प्रदेशांत, उदाहरणार्थ फिनलंड आणि एस्टोनियात, फिके डोळे हीच सर्वसामान्य गोष्ट आहे. पूर्व आशियात आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जवळजवळ सर्वांचे डोळे तपकिरी असतात. आणि दक्षिण आशियापासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात फिकी प्रत कमी-अधिक प्रमाणात विखुरलेली आढळते.

ही विखुरलेली प्रत नजरेला दिसत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. एखाद्या लोकसमूहात फिक्या प्रतीचे प्रमाण १० टक्के असेल, तर दोन्ही प्रती फिक्या असलेली माणसे शंभरात जेमतेम १ असतील, पण एकच फिकी प्रत बाळगणारी १८ असतील. म्हणजे दिसणारा रंग दुर्मिळ असला तरी त्याचे जनुक तितके दुर्मिळ नसते. याच कारणाने तपकिरी डोळ्यांच्या घराण्यात अचानक फिक्या डोळ्यांचे मूल जन्माला येते.

एक सावधगिरी मात्र सांगावीशी वाटते. सर्व निळे डोळे एकाच कारणाने होत नाहीत. वार्डनबर्ग सिंड्रोम या जन्मजात विकारात रंगद्रव्याच्या पेशीच बुबुळापर्यंत पुरेशा पोहोचत नाहीत. तिथे लख्ख निळे किंवा दोन वेगळ्या रंगांचे डोळे दिसतात आणि बऱ्याचदा बहिरेपणही असते. आपल्या भाचीच्या बाबतीत असे काहीच नाही. मात्र दोन डोळ्यांचे रंग वेगळे असणे किंवा मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलणे हे नेत्रतज्ज्ञांना दाखवण्याजोगे असते. (म्हातारपणी 'डोळे निळे झाले' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा बुबुळ बदललेले नसते, पारपटलाच्या, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला चरबीचे राखाडी कडे आलेले असते.)

आपण एक करून पाहावे. भाऊ आणि वहिनी यांचे डोळे दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, अगदी जवळून पाहा. बाहुलीभोवती तपकिरी किंवा सोनेरी वलय दिसते का? तसे दिसले तर ते डोळे निळे नव्हेत, आणि मग तो जुना नियम इथे लावायचा प्रश्नच उरत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी खिडकीशी बसवून पाहिले. भावाच्या दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवती स्पष्ट तपकिरी वलय आहे आणि बाहेर हिरवट छटा आहे. वहिनींचे डोळे, जे आम्ही इतकी वर्षे निळसर समजत होतो, ते जवळून राखाडी दिसतात आणि त्यांत मधाच्या रंगाचे ठिपके आहेत. चारांत एक ही शक्यता मी त्यांना कागदावर चौकट आखून दाखवली, तर त्यांनी तो कागद घडी घालून आपल्याकडेच ठेवून घेतला. रविवारी ते नातेवाईक पुन्हा येणार आहेत.