गेम स्टुडिओतले ‘मोकळे वातावरण’ आणि कंत्राटी टेस्टरची तक्रार

प्रश्न
मी पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत टेस्टर आहे, म्हणजे गेममधल्या चुका (बग) शोधून नोंदवते. पगार मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून होतो आणि करार दर सहा महिन्यांनी नव्याने करावा लागतो. सतरा जणांत आम्ही दोघीच मुली आहोत. गेल्या महिन्यात प्लेटेस्टच्या, म्हणजे गेम खेळून तपासण्याच्या, खोलीत एका स्त्री-पात्राचे मॉडेल मोठ्या पडद्यावर तपासत असताना आमच्या लीडने (गटप्रमुखाने) कॅमेरा तिच्या छातीवर नेऊन थांबवला आणि माझ्याकडे वळून म्हटले, "जरा उभी राहा, रेफरन्स मिळेल." सगळे हसले. मी मान खाली घालून बगचे वर्णन टाइप करत राहिले. मी त्याच्याशी बोलेनाशी झाल्यापासून माझे बग ‘रिप्रोड्यूस होत नाही’ (पुन्हा घडवून पाहता येत नाही) असा शेरा मारून परत येतात आणि तोच बग शेजारच्या मुलाने नोंदवला की संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो. एचआरच्या ताई म्हणाल्या, "गेमिंगमध्ये वातावरण थोडं मोकळं असतंच." एजन्सी म्हणते, स्टुडिओशी बोला. करार पुढे चालवायचा की नाही, हे तोच लीड ठरवणार आहे. मला तक्रारीचा अधिकार आहे का, आणि असल्यास ती कुठे करायची?

प्रतिसाद १
ताई, अधिकार निश्चित आहे. मी अशी प्रकरणे चालवते, म्हणून स्पष्ट लिहिते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, प्रशिक्षणार्थी अशी प्रत्येक स्त्री येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी लागते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. तक्रार एचआरकडे तोंडी नव्हे, या समितीकडे लेखी करा. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते.

तुमच्यासाठी सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच आहे. चौकशी चालू असताना तुमच्या कामाचे मूल्यमापन त्या लीडकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस समिती करू शकते; तशी विनंती तक्रारीसोबत लेखी जोडा. परत आलेले बग हा स्वतंत्र छळ ठरेलच असे नाही, परंतु लीडच्या त्या बोलण्यानंतर कामात आणलेला अडथळा म्हणून ते तारखांसह जरूर मांडा. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

प्रतिसाद २
मी नऊ वर्षे कॅरेक्टर आर्ट, म्हणजे गेममधल्या पात्रांची रूपे घडवण्याचे काम, करते. शरीराचा रेफरन्स (पाहून काढायला नमुना) लागतो हे खरे, पण त्यासाठी आम्ही छायाचित्रांचे संच आणि थ्रीडी स्कॅन वापरतो. शेजारी बसलेल्या टेस्टरला उभे करणे हा कामाचा भाग कधीच नव्हता, हे समितीला माझ्यासारखा कोणताही आर्टिस्ट सांगेल. आणि ‘गेमिंगमध्ये असतंच’ म्हणणाऱ्यांना रायट गेम्स या अमेरिकी गेम कंपनीची आठवण करून द्या. २०१८ मध्ये तिथल्या स्त्रियांनी लिंगभेदाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने १० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्यातले ८ कोटी कॅलिफोर्नियातल्या स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी होते, आणि त्यांत कंत्राटी स्त्रियाही होत्या.

प्रतिसाद ३
मी प्रोग्रामर आहे. दुसऱ्या एका स्टुडिओत अशाच प्रसंगी मी हसलो होतो आणि ती मुलगी दोन महिन्यांनी निघून गेली, याची मला आजही लाज वाटते. त्या खोलीत मनातून अस्वस्थ झालेला एक तरी जण असेलच. त्याला एकट्याला गाठून विचारा, कारण समिती साक्षीदारांना बोलावू शकते. ट्रॅकरमधल्या, म्हणजे बग नोंदवण्याच्या यंत्रणेतल्या, तुमच्या आणि शेजारच्या मुलाच्या अशा दोन्ही नोंदींची छायाचित्रे आजच काढून ठेवा. या नोंदी (तिकिटे) नंतर बंद होतात, कधी एकत्रही केली जातात.

मूळ प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची ऋणी आहे. दुसरी मुलगी साक्ष द्यायला तयार झाली आहे. तिच्याही बाबतीत असे घडले होते, हे मला काल रात्री कळले. घटनेला आज छत्तीस दिवस झाले. मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याच्या विनंतीसह तक्रार सोमवारी देत आहे.